सुप्रबुद्धाची जागा : मुंबईतील कुष्ठरोग-सेवेचा इतिहास आणि आपले कर्तव्य

राजगृहाच्या वेळुवनात तथागत मोठ्या परिषदेसमोर धम्मदेशना करीत होते. सुप्रबुद्ध नावाचा एक दरिद्री, निराधार कुष्ठी वाटेने चालला होता. दुरून गर्दी पाहून त्याला वाटले, येथे अन्नदान चालले असावे. पोटाच्या आशेने तो जवळ आला. अन्न कोठेच नव्हते. तेव्हा ‘आपणही ऐकू या’ असा विचार करून तो एका बाजूला बसला. ‘उदान’ या पालि ग्रंथात ही कथा आली आहे. तथागतांनी सभेवरून दृष्टी फिरवली. एवढ्या जनसमुदायात धम्म समजण्यास पात्र असा कोण आहे, याचा त्यांनी विचार केला आणि त्यांची दृष्टी त्या कुष्ठी माणसावर स्थिरावली. देशना त्याला उद्देशून झाली. त्याच आसनावर त्याला धम्मचक्षू प्राप्त झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सुप्रबुद्धाची ही कथा मुद्दाम घेतली आहे. न्हावी उपालि, भंगी सुनीत, अस्पृश्य सोपाक यांच्या धम्मदीक्षेच्या प्रकरणातच कुष्ठी सुप्रबुद्धाला त्यांनी स्थान दिले. जन्मामुळे दूर लोटलेला माणूस आणि रोगामुळे दूर लोटलेला माणूस यांना त्यांनी एकाच पंक्तीत बसविले, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. बाबासाहेबांचे निवासस्थान ‘राजगृह’ ज्या दादरमध्ये आहे, त्या दादरला लागून असलेल्या माटुंगा-वडाळा भागात मुंबईने आपल्या सुप्रबुद्धांसाठी एक वेगळी जागा नेमून दिली होती. त्या जागेचा इतिहास आपल्या वाचकांपुढे मांडावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शब्दांचा घोळ

प्रथम शब्दांविषयी लिहिणे आवश्यक आहे. मराठीत या रोगाला महारोग, रक्तपिती, कोड अशी निरनिराळी नावे निरनिराळ्या प्रदेशांत वापरली गेली. आयुर्वेदातील ‘कुष्ठ’ हा शब्द तर अठरा प्रकारच्या त्वचाविकारांना व्यापणारा आहे. त्यांपैकी सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे मानली जातात. पालि विनयात ‘कुट्ठ’ आणि ‘किलास’ असे दोन वेगळे शब्द येतात. त्यामुळे प्राचीन ग्रंथात ‘कुष्ठ’ हा शब्द दिसला की तो आजचाच कुष्ठरोग होय, असे निश्चयाने म्हणता येत नाही.

हा केवळ पंडितांचा प्रश्न नव्हे. शब्दांच्या या घोळामुळे आजही माणसे दुखावली जातात. पांढरे कोड हा त्वचेतील रंगद्रव्य नष्ट झाल्याने होणारा विकार आहे. सोरायसिसमध्ये त्वचेचे थर अतिवेगाने वाढून खवले धरतात. हे दोन्ही विकार दीर्घकाळ चालणारे आहेत आणि दोन्ही मुळीच संसर्गजन्य नाहीत. तरीही लोकलच्या डब्यात अशा माणसाशेजारची जागा रिकामी राहते आणि अशा मुलीचे लग्न मोडते. कुष्ठरोग हा यांपासून वेगळा, जिवाणूमुळे होणारा रोग आहे. परंतु त्याची भीती मात्र या सर्वांच्या वाट्याला आली आहे.

भाऊ दाजी आणि कार्टर

एकोणिसाव्या शतकात मुंबईत या रोगाचा शास्त्रीय विचार सुरू झाला. त्यातील दोन नावे महत्त्वाची आहेत. पहिले डॉ. भाऊ दाजी लाड (१८२२–१८७४) यांचे. ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांपैकी ते एक होत. बौद्ध विद्येच्या अभ्यासकांना ते वेगळ्या कारणाने परिचित आहेत. अजिंठ्याच्या लेण्यांतील शिलालेखांच्या नकला घेऊन त्यांचे वाचन करणाऱ्या पहिल्या भारतीय विद्वानांत त्यांची गणना होते. याच भाऊ दाजींनी कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा कुष्ठरुग्णांवर प्रयोग केला. काही रुग्णांना आराम पडल्याचे त्या वेळी सांगितले गेले. परंतु औषध कोणते हे त्यांनी बराच काळ गुप्त ठेवले, आणि त्यासाठी त्यांच्यावर टीकाही झाली.

कवठी ही चौलमुग्र्याच्या कुळातील वनस्पती होय. हे तेल पोटात घेतल्यास मळमळ होई आणि टोचल्यास ते अंगात मुरत नसे. ही अडचण १९१५–१६ च्या सुमारास हवाई बेटांवरील ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने दूर केली. तेलापासून सुईने टोचता येईल असे द्रव्य तिने तयार केले. ती कृष्णवर्णीय होती. १९१६ साली वयाच्या चोविसाव्या वर्षी तिचे निधन झाले, आणि तिचे संशोधन तिच्या संस्थेच्या प्रमुखाने स्वतःच्या नावावर प्रसिद्ध केले. तिचे श्रेय तिला मिळण्यास अनेक दशके लागली. ज्ञान निर्माण करणाऱ्याचे नाव पुसले जाणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

दुसरे नाव हेन्री व्हॅन्डाइक कार्टर यांचे. शरीररचनेच्या जगप्रसिद्ध ‘ग्रे’च्या ग्रंथातील चित्रे काढणारे ते हेच कार्टर. मुंबईत नोकरीस असताना त्यांनी कुष्ठरोगाचा अनेक वर्षे अभ्यास केला. १८७३ साली नॉर्वेमध्ये डॉ. हॅन्सेन यांना या रोगाचा जिवाणू सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. त्याच सुमारास कार्टर नॉर्वेस जाऊन तेथील व्यवस्था पाहून आले. रोग आनुवंशिक नसून संसर्गाने होतो, या मताकडे ते वळले. रुग्णांना वेगळे ठेवणारी आश्रयस्थाने हिंदुस्थानातही असावीत, असे त्यांनी सरकारास सुचविले.

येथे विज्ञानाच्या एका सत्यातून समाजाने दोन भिन्न निष्कर्ष कसे काढले, ते पाहण्यासारखे आहे. रोग जिवाणूमुळे होतो, याचा अर्थ तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नाही. हा मुक्तीचा निष्कर्ष होता. रोग जिवाणूमुळे होतो, म्हणून रोग्यालाच नजरेआड करावे, हा दुसरा निष्कर्ष. मुंबईने प्रथम दुसरा स्वीकारला.

१८९० : माटुंग्याचे आश्रयस्थान

१८८९ च्या एप्रिलमध्ये मोलोकाई बेटावर कुष्ठरुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने मरण पावले. ब्रिटिश साम्राज्यात भीतीची लाट उसळली. मुंबईच्या रस्त्यांवर भीक मागणारे कुष्ठरुग्ण तोपर्यंत शहराच्या नित्य परिचयाचे होते. त्यांतील काहींना भायखळ्याच्या जमशेटजी जिजीभाई धर्मशाळेत आसरा मिळे. आता मात्र त्यांना हलवावे, अशी मागणी जोर धरू लागली.

हॅरी ॲक्वर्थ हे १८९० ते १८९५ या काळात मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर होते. मराठी वाचक त्यांना पोवाड्यांचे संग्राहक म्हणून ओळखतात. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या सहकार्याने त्यांनी मराठी पोवाडे जमविले आणि १८९४ साली त्यांतील काहींचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला. याच अधिकाऱ्याने लोकवर्गणी व नगरपालिकेचे साहाय्य यांच्या बळावर १८९० साली माटुंग्यास निराधार कुष्ठरुग्णांचे आश्रयस्थान उघडले. ते पुढे त्यांच्याच नावाने ओळखले जाऊ लागले. आज वडाळ्याचे ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच.

या कार्याचे मूल्यमापन आम्ही एकांगी करू इच्छित नाही. रस्त्यावर मरणाऱ्या माणसाला छप्पर, अन्न आणि मलमपट्टी मिळाली, हे निर्विवाद आहे. परंतु आश्रयस्थानाच्या नावातील ‘निराधार’ हा शब्द बोलका आहे. ज्याला घर होते, पैसा होता, तो रोगी असूनही शहरातच राहिला. रोगाचे जंतू गरीब व श्रीमंत असा भेद जाणत नव्हते. व्यवस्था मात्र जाणत होती.

या आश्रयस्थानाची एक आठवण जगाच्या तांत्रिक इतिहासात नोंदली गेली आहे. तेथील मैल्यापासून निर्माण होणारा वायू १८९७ साली दिव्यांसाठी वापरण्यात आला, असा उल्लेख बायोगॅसच्या इतिहासात आढळतो. काही पुस्तकांत हे वर्ष १८५९ असे छापले आहे. परंतु आश्रयस्थानच १८९० चे असल्यामुळे ते वर्ष चुकीचे ठरते. ज्यांच्या सावलीलाही लोक भीत होते, त्यांच्या वस्तीतून निघालेल्या प्रकाशाची जगाने नोंद घेतली, एवढे येथे लक्षात ठेवावे.

१८९८ चा कायदा

१८९०–९१ मध्ये हिंदुस्थानात आलेल्या कुष्ठरोग आयोगाने असा अभिप्राय दिला होता की, या रोगाची संसर्गक्षमता अल्प असून सक्तीने विलग करण्यास आधार नाही. तरीही १८९८ साली कुष्ठरोगी अधिनियम झाला. भीक मागणारा किंवा उपजीविकेचे साधन नसलेला कुष्ठरुग्ण पोलिसांनी विनावॉरंट पकडावा आणि त्याला आश्रयस्थानात ठेवावे, अशी त्यात तरतूद होती. शासन जे क्षेत्र जाहीर करील तेथे कुष्ठरुग्णाला खाद्यपदार्थ व कपडे विकण्यास, भाड्याच्या सार्वजनिक वाहनात बसण्यास, तसेच मज्जाव केलेल्या सार्वजनिक विहिरी व तळी यांवर पाणी भरण्यास किंवा स्नान करण्यास बंदी करता येत असे.

विहीर, तळे, वाहन, अन्न ही यादी वाचताना आपल्यापैकी कोणाचे मन अस्वस्थ होणार नाही? हीच यादी अस्पृश्यतेच्या रूढीने आपल्या पूर्वजांपुढे ठेवली होती. १९२३ साली मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव संमत झाला आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. एका बहिष्काराच्या मुळाशी जन्म होता, दुसऱ्याच्या मुळाशी रोग. पहिल्याला शास्त्राचा आधार सांगितला गेला, दुसऱ्याला वैद्यकाचा. पण ज्याच्या तोंडचे पाणी तोडले जाते, त्याला होणारी तहान सारखीच असते.

हा कायदा २०१६ साली केंद्रीय अधिनियमाने रद्द झाला. तोपर्यंत रोगावर निश्चित औषध मिळून काही दशके लोटली होती. याहून जवळची गोष्ट अशी की, १९५५ चा हिंदू विवाह कायदा, जो बौद्धांनाही लागू आहे, त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण म्हणून नमूद होते. ते २०१९ च्या दुरुस्तीने वगळण्यात आले. म्हणजे आपल्याच एखाद्या भगिनीला रोग झाला म्हणून टाकून देण्याची मुभा कायद्याने पतीला दिली होती, आणि ती अगदी कालपरवापर्यंत होती.

परळ आणि परळच्या पलीकडे

विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र पालटले. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन औषधे आली आणि डॅप्सोनची गोळी रुग्णाला घरी राहून घेता येऊ लागली. १९५५ साली राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

परळच्या भूमीचा या इतिहासात मोठा वाटा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांनी कुष्ठरोगातील त्वचा व मज्जातंतू यांच्या सूक्ष्म विकृतींचा सखोल अभ्यास केला. परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली एका कुष्ठरुग्णाच्या शरीरातून एक जिवाणू वाढविला. त्यापासून पुढे तेथेच लस तयार करण्यात आली आणि तिच्या चाचण्याही झाल्या. भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी वाकडी झालेली बोटे, बसलेले नाक, मिटू न शकणाऱ्या पापण्या यांवर शस्त्रक्रिया केल्या. कुष्ठरुग्णाला सर्वसाधारण रुग्णालयात खाट मिळाली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी शस्त्रक्रियेइतकेच हेही अवघड काम होते. १९७६ साली डॉ. आर. गणपति यांनी शीव-चुनाभट्टी येथे ‘बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट’ची स्थापना केली आणि धारावीसारख्या वस्त्यांत घरोघर जाऊन रुग्ण शोधण्याचे व उपचार पोहोचविण्याचे काम उभे केले. १८९० साली शहराने रुग्णाला उचलून माटुंग्यास नेले होते. शहाऐंशी वर्षांनी वैद्य स्वतः रुग्णाच्या दारी जाऊ लागला.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन आणि क्लोफाझिमाइन या औषधांच्या एकत्रित वापराने रोग पूर्ण बरा होतो. रोगाच्या प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने औषध घ्यावे लागते. ते सरकारी दवाखान्यांत विनामूल्य मिळते. उपचार सुरू होताच रुग्णाकडून होणारा संसर्ग थोड्याच अवधीत थांबतो. शिवाय बहुसंख्य माणसांच्या अंगी या जिवाणूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असतेच.

बोटे का झडतात?

कुष्ठरोगाने बोटे झडतात, असा समज सर्वत्र आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. हा जिवाणू अतिशय संथ गतीने वाढतो. लक्षणे दिसण्यास सरासरी पाच वर्षे आणि क्वचित वीस वर्षेही लागतात. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात, म्हणून तो त्वचेत आणि त्वचेजवळच्या मज्जातंतूंत घर करतो. मज्जातंतू निकामी झाला की स्पर्श, उष्णता, वेदना कळेनाशी होते. मग चहाचा गरम पेला हाताला कळत नाही आणि तव्याचा चटका जाणवत नाही. चपलेतील खिळा दिवसभर टोचत राहतो. जखमा होतात, चिघळतात, हाडापर्यंत जातात आणि त्यातून व्यंग येते. लालबाग-परळच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा तेथे यंत्राशी हात घालून काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत बधिर हाताचा अर्थ काय होत असे, हे वेगळे सांगावयास नको.

वेदना हा आपला रक्षक आहे आणि तो रक्षक गेला की डोळ्यांनी त्याचे काम करावे लागते. रोज हातपाय तपासणे, ते पाण्यात भिजवून तेल लावणे, मऊ एम.सी.आर. रबराच्या चपला वापरणे, गरम भांडे कापडाने धरणे या साध्या गोष्टींनी व्यंग टळते. आणि मुळात फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसताच दवाखाना गाठला तर व्यंगाची वेळच येत नाही. माणसे उशिरा जातात ती औषध नाही म्हणून नव्हे. ‘कळले तर लोक काय म्हणतील’ या धास्तीने चट्टा सदऱ्याखाली झाकला जातो. एवढ्यात मज्जातंतू जातो. जिवाणूने केलेल्या हानीत समाजाचा हा वाटा आहे.

विनयाची शिकवण

या ठिकाणी एका प्रश्नाला प्रामाणिकपणे सामोरे जाणे आवश्यक आहे. विनयपिटकात कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि अपस्मार हे पाच रोग असणाऱ्यास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम आहे. मग संघानेही रोग्यांना दूर लोटले काय? नियमाची पार्श्वभूमी महावग्गातच दिली आहे. मगधात या रोगांची साथ होती. राजवैद्य जीवक संघाची चिकित्सा करीत असे. केवळ त्याच्या उपचारासाठी लोक चीवर धारण करू लागले आणि बरे होताच ते उतरवू लागले. तेव्हा जीवकाच्या विनंतीवरून हा नियम झाला. तो प्रव्रज्येपुरता होता. धम्मश्रवण आणि शरणगमन यांचे दार सुप्रबुद्धाला उघडेच होते.

संघात राहणाऱ्या रुग्णाविषयी विनय काय सांगतो, हेही पाहावे. आनंदाचे उपाध्याय बेलट्ठसीस यांना त्वचेचा जुनाट विकार होता. स्रावामुळे चीवर अंगाला चिकटत असे आणि भिक्खू ते पाण्याने भिजवून सोडवीत. तथागतांनी ते पाहिले आणि अशा रुग्णांसाठी त्वचा झाकणाऱ्या वेगळ्या वस्त्राची व औषधी चूर्णांची अनुज्ञा दिली. अंगभर फोड येऊन सोबत्यांनी टाकून दिलेल्या तिस्स भिक्खूला तथागतांनी स्वतः ऊन पाण्याने स्नान घातले, असे धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा समजावी, हा तथागतांचा उपदेश महावग्गात आहे. बाबासाहेबांनीही आपल्या ग्रंथात तथागतांच्या रुग्णांविषयीच्या आस्थेला स्वतंत्र स्थान दिले आहे.

आणखी एक मुद्दा आहे. ‘उदान’मधील कथेच्या अखेरीस सुप्रबुद्धाच्या रोगाचे कारण म्हणून पूर्वजन्मीच्या एका कृत्याची जोड दिलेली आहे. पूर्वकर्माचा असा सिद्धांत बुद्धाच्या धम्माशी विसंगत आहे, असे बाबासाहेबांनी साधार मांडले, आणि हॅन्सेनच्या शोधानंतर तर रोगाचे कारण पूर्वजन्मात शोधण्याचे प्रयोजनच उरत नाही. परंतु ते कृत्य कोणते म्हणून सांगितले आहे? एका प्रत्येकबुद्धाला पाहून ‘हा कोण कुष्ठी’ असे म्हणून थुंकणे. म्हणजे ज्या परंपरेने ही जोड दिली, तिलाही कुष्ठी म्हणून माणसाचा तिरस्कार करणे हेच अकुशल कर्म वाटत होते. रोग हे पाप नाही, तिरस्कार हे पाप आहे. कथेचा एवढा अर्थ आपण निःशंकपणे घ्यावा.

आपले कर्तव्य

डिसेंबर २००५ मध्ये भारताने दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट गाठले आणि कुष्ठरोग ही सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नाही, असे जाहीर झाले. त्याचा अर्थ लोकांनी रोग संपला असा घेतला. वस्तुतः जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातले आहेत. त्यांत मुलेही आहेत. मुलांमध्ये रोग सापडणे याचा अर्थ संसर्ग चालू आहे असाच होतो. ३० जानेवारी हा कुष्ठरोग निवारण दिन म्हणून पाळला जातो. पण एका दिवसाच्या फलकांनी सदऱ्याखालचा चट्टा बाहेर येत नाही.

नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळींतून, परळ-लालबागच्या वस्त्यांतून आपली विहारे उभी राहिली. वर्षावासात तेथे ग्रंथवाचन होते, पौर्णिमेस उपासक-उपासिका जमतात. त्यांतील एक दिवस त्वचारोगांच्या माहितीसाठी व तपासणीसाठी देता येईल. बधिर चट्टा म्हणजे काय हे आपल्या मुलांना दाखविता येईल. औषध घेणाऱ्यास ते पूर्ण करण्याचा धीर देता येईल. बऱ्या झालेल्या माणसाला धम्मकार्याची जबाबदारी देता येईल. कोड किंवा सोरायसिस असलेल्या मुलीला भोजनदानात वाढण्यापासून कोणी अडवीत असेल, तर त्याला तेथेच थांबविता येईल. यासाठी पैसा लागत नाही.

सुप्रबुद्ध अन्नाच्या आशेने आला आणि सभेच्या एका बाजूला बसला. त्याला कोणी उठविले नाही. वेळुवनातील त्या सभेने एवढेच केले होते, आणि त्यामुळेच पुढचे सर्व घडू शकले. आपल्या विहारांतील सतरंजीवर त्याच्यासाठी जागा आहे काय, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे.